सरकारी रुग्णालयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू करायची आहे? यंत्र शेवटी मागवा

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ती केली. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ पासून, ते तिथे पोटात दुर्बीण घालून निदान करत होते. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे आलं ते सरकारी रुग्णालयातून. तरीही आज तालुक्याच्या गावी पोटदुखीने बेजार झालेल्या बाईला सोनोग्राफीत खडे दिसले, की तिला ऐकावं लागतं, "दुर्बिणीने करायचं असेल तर बाहेर जा, इथे पोट उघडूनच होईल."

ज्याचं हातावर पोट आहे त्यालाच या शस्त्रक्रियेची खरी गरज आहे. पोट उघडून पित्ताशय काढलं तर रुग्ण पाच-सात दिवस वॉर्डात राहतो आणि पुढे महिना-दीड महिना जड काम करू शकत नाही. दुर्बिणीने केलं तर एक-दोन दिवसांत घरी जातो आणि बहुतेक जण आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतात. पगारी रजा असलेल्या माणसाला ही सोय वाटेल. शेतमजूर बाईसाठी तो एका हंगामाच्या मजुरीचा प्रश्न असतो.

उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात ही सेवा सुरू करू पाहणारे शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर यांच्यासाठी हा लेख आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवात टॉवरच्या, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्रसंचाच्या, खरेदीपासून होते, आणि गाडी तिथेच अडते. निधी येतो, यंत्र येतं, फोटो निघतो आणि काही महिन्यांनी त्यावर कव्हर चढतं. म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी माणसं, मग निर्जंतुकीकरण, मग यंत्र.

वर्षभराची रजिस्टरं काढून बसा

थिएटर रजिस्टर, सोनोग्राफीचं रजिस्टर आणि रेफर केलेल्या रुग्णांची नोंदवही समोर घ्या. वर्षभरात त्रास देणारे पित्तखडे किती जणांना होते? अपेंडिक्स किती, नळीतला गर्भ किती, अंडाशयाच्या गाठी किती? पोटात पाणी आहे पण कारण सापडत नाही, असे किती? यातले किती आपण केले आणि किती पुढे पाठवले? आठवड्यातून एक दिवस दोन-तीन रुग्ण सातत्याने मिळणार असतील तरच हात बसतो. महिन्याला एखादी केस होणार असेल तर पथक प्रत्येक वेळी पहिल्यापासून शिकत राहतं आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. तसं असेल तर शेजारच्या दोन तालुक्यांचे रुग्ण एका रुग्णालयात एकत्र करण्याचा प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवा.

मग चार प्रश्न विचारा. पूर्णवेळ, निदान ठरलेल्या दिवशी हमखास येणारा भूलतज्ज्ञ आहे का? हेच ऑपरेशन पोट उघडून करण्याचा शल्यचिकित्सकाचा हात पक्का आहे का? रक्त साठवण केंद्र चालू आहे का? ऑटोक्लेव्ह रोज आणि नीट चालतो का? एकाचंही उत्तर नाही असेल तर आधी ते दुरुस्त करा. उघडून करण्याचा आग्रह जुन्या वळणाचा वाटेल, पण दुर्बिणीतून रक्तस्राव आवरला नाही तर पुढची काही मिनिटं पूर्णपणे त्याच कौशल्यावर अवलंबून असतात. शेवटचं म्हणजे, पित्तनलिकेला इजा झाली किंवा नलिकेत खडा राहिला तर रुग्णाला कुठे पाठवायचं, तिथे कोणाशी बोलायचं आणि वाटेला किती तास लागतात, हे लिहून थिएटरच्या भिंतीवर लावा.

चौघांचं पथक

ही शस्त्रक्रिया एकट्या सर्जनची नसते. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, एक सिस्टर आणि एक थिएटर असिस्टंट अशा चौघांची नावं ठरवा आणि चौघांनाही एकत्र प्रशिक्षणाला पाठवा. एकटा सर्जन दोन आठवडे शिकून आला आणि सिस्टरने नळ्या बंद करणाऱ्या क्लिप लावायचं उपकरण, म्हणजे क्लिप अॅप्लिकेटर, पहिल्यांदाच हातात घेतलं, तर पहिल्या दिवशी शिकलेलं सगळं विस्कटतं. कॅमेरा धरणाऱ्याचं प्रशिक्षण सगळीकडे राहून जातं. ३० अंशांच्या दुर्बिणीने कोपऱ्यापलीकडचं कसं दाखवायचं, क्षितिज सरळ कसं ठेवायचं, काच धुरकट झाली तर काय करायचं, हे शिकवावं लागतं.

प्रशिक्षणासाठी जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा पहिला पर्याय असावा, कारण पुढे मार्गदर्शक म्हणून येणारी माणसंही तिथलीच असतील. पण तिथे जाण्याआधी इथेच सराव सुरू करा. एक डबा, त्याला वरून दोन-तीन छिद्रं, आत वेबकॅम आणि दिवा, समोर जुना मॉनिटर, एवढ्यात सरावपेटी तयार होते. रिंगा एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, गॉजवर काढलेलं वर्तुळ नेमकं कापणं, फास बसवणं, बाहेर बांधलेली गाठ आत सरकवणं आणि आतल्या आत टाका घेऊन गाठ मारणं ही पाच कामं जगभरच्या प्रशिक्षणात वापरली जातात. रोज अर्धा तास, ड्यूटीच्या सुरुवातीला. पडद्यावर सपाट दिसणाऱ्या चित्रावरून खोलीचा अंदाज घ्यायला मेंदूला वेळ लागतो, आणि तो वेळ रुग्णाच्या पोटात घालवायचा नाही.

किती केस देखरेखीखाली कराव्यात? १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाला, नव्या तंत्राच्या घाईत झालेल्या इजा आणि मृत्यू पाहून, किमान १५ शस्त्रक्रिया अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली झाल्याशिवाय स्वतंत्रपणे करू नयेत असं सांगावं लागलं होतं. माझ्या मते आपल्याकडेही हा आकडा तळाची मर्यादा म्हणून धरावा. पहिल्या काही शस्त्रक्रिया मार्गदर्शकाने तुमच्याच थिएटरमध्ये, तुमच्या पथकासोबत कराव्यात. पुढच्या तुम्ही कराव्यात आणि तो समोर उभा राहावा. मग तो शेजारच्या खोलीत असावा, आणि शेवटी फोनवर. पायरी ओलांडायची की नाही हे मार्गदर्शक ठरवेल. उद्घाटनाची तारीख आली म्हणून पायरी ओलांडू नका.

निर्जंतुकीकरण: इथेच सगळं ठरतं

दुर्बीण आपल्या रुग्णालयांना नवी नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बिनटाक्याची नसबंदी कितीतरी वर्षं होत आली आहे आणि अनेक सिस्टरनी हजारो केसना मदत केली आहे. हा अनुभव मोलाचा आहे. पण शिबिरातून एक सवयही आली: दुर्बीण द्रावणात बुडवायची, काढायची, पुढच्या बाईला वापरायची. छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ च्या नसबंदी शिबिरांत १३ महिलांचा जीव गेला. त्यातल्या एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया केल्या होत्या. खरं तर तीन दुर्बिणी असलेल्या पथकाने दिवसाला ३० पेक्षा जास्त करू नयेत, असा सरकारी नियम होता. मृत्यूंच्या नेमक्या कारणावर पुढे बराच वाद झाला, पण साधनांपेक्षा केसची संख्या मोठी झाली की काय होतं, हे सगळ्या देशाने पाहिलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

ग्लुटाराल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात २० मिनिटं ठेवलेलं उपकरण निर्जंतुक होत नाही. ते फक्त उच्च पातळीवर जंतुमुक्त होतं. बीजाणूंसकट सगळं मारायला त्याच द्रावणात १० तास लागतात. आणि पोटात जाणारं उपकरण निर्जंतुकच असायला हवं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रात गाठ येते, ती फुटते, पाणी येत राहतं आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, हा प्रकार भारतातल्या सर्जनना चांगला माहीत आहे. बहुतेक वेळा त्यामागे क्षयजंतूंच्या जातकुळीतले, पण वेगळे मायकोबॅक्टेरिया असतात. ते पाण्यात राहतात, नीट न धुतलेल्या उपकरणाच्या सांध्यात टिकतात आणि त्यांच्या काही जाती ग्लुटाराल्डिहाइडलाही पुरून उरतात. निर्जंतुक केलेलं उपकरण नळाच्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्याने विसळलं की ते परत येतात. अशा एका जखमेवर क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी औषधं महिनोन्महिने चालतात, आणि गावात बातमी पसरते की सरकारीतल्या दुर्बिणीने जखम चिघळते. पुढे वर्षभर कोणी यायला धजत नाही.

म्हणून सिस्टर आणि असिस्टंटच्या हातात खालची साखळी पक्की बसेपर्यंत पहिला रुग्ण टेबलावर घेऊ नका.

केस संपताच, रक्त वाळायच्या आत, उपकरणं पाण्यात भिजवा. प्रत्येक उपकरण पूर्ण सुटं करा: मूठ वेगळी, नळी वेगळी, आतला दांडा वेगळा. सुटं होत नसेल तर ते उपकरण घेऊच नका. एन्झाइमच्या द्रावणात सांगितलेला वेळ ठेवा, मऊ ब्रशने पाण्याखाली आतून घासा, नळ्यांमधून सिरिंजने जोरात पाणी सोडा. अल्ट्रासॉनिक क्लीनर मिळाला तर काम सोपं होतं. मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. ओल्या नळीत वाफ नीट पोहोचत नाही. जबडे भिंगातून पाहा. कोपऱ्यात काळं काही दिसलं तर उपकरण परत धुवायला. घाण राहिली असेल तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

त्यानंतर शक्य ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांवर किंवा १३४ अंशांच्या चक्रात, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे. धातूचे ट्रोकार (छिद्रातून उपकरणं आत घालायच्या नळ्या), कात्र्या, पकडी, क्लिप अॅप्लिकेटर हे सगळं वाफेत चालतं. दुर्बीणही वाफेत चालणारीच मागवा. मात्र ती गरम असताना थंड पाण्यात घालू नका, काचेचा जोड सुटतो. कॅमेऱ्याला निर्जंतुक प्लास्टिक आवरण घाला. ज्याला वाफ चालत नाही त्यासाठी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करायची सोय जिल्हा रुग्णालयात असेल तर ती वापरा. द्रावणाशिवाय इलाजच नसेल तर पट्टीने त्याची ताकद रोज तपासा, पूर्ण वेळ मोजा आणि निर्जंतुक पाण्यानेच विसळा. फॉर्मेलिनच्या गोळ्यांचा डबा मात्र थिएटरमधून बाहेर काढा. त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

प्रत्येक पुड्यावर तारीख, चक्राचा क्रमांक आणि सही असावी, आणि तोच क्रमांक रुग्णाच्या केसपेपरवर उतरावा. चार आठवड्यांनी जखम चिघळलीच तर कोणत्या चक्रात काय झालं, हे त्यावरून शोधता येतं. आणि एक नियम अधीक्षकांच्या सहीने लावा: दिवसाच्या केसची संख्या उपकरणांच्या संचांवरून ठरेल, बाहेर बसलेल्या रुग्णांच्या संख्येवरून ठरणार नाही. धुणं, वाळवणं, वाफ आणि थंड होणं यात दीड-दोन तास सहज जातात. दोन संच असतील तर सकाळी दोन केस होतात आणि पहिला संच परत तयार झाल्यावर तिसरी. कोणी कितीही आग्रह केला तरी सिस्टरने नाही म्हटलं की केस होणार नाही, हा अधिकार तिला लेखी द्या.

आता खरेदी

एवढं झाल्यावर मागणीपत्र लिहा. पैसा बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून किंवा एखाद्या उद्योगाच्या सामाजिक निधीतून येतो. मागणीत टॉवर म्हणजे मॉनिटर, कॅमेरा, प्रकाशस्रोत, गॅस भरणारं इन्सफ्लेटर आणि सक्शन-इरिगेशन असतं. विजेने ऊती कापणारं आणि रक्तस्राव थांबवणारं चांगलं कॉटरी मशीनही हवं. त्यासोबत या गोष्टी त्याच निविदेत घाला, कारण नंतर मिळत नाहीत: ३० अंशांच्या दोन दुर्बिणी, प्रकाशाच्या दोन केबल, हातातल्या उपकरणांचे किमान दोन पूर्ण संच, इन्सफ्लेटरचे फिल्टर. दुर्बीण सगळ्यात नाजूक असते आणि ती पडली की सगळी सेवा बंद पडते, त्यामुळे दुसरी दुर्बीण ही चैन नाही. पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार, सुट्या भागांसह, मूळ किमतीतच धरून दर मागवा. दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येईल आणि तोवर बदली यंत्र मिळेल का, हेही लिहून घ्या. चित्र किती सुस्पष्ट आहे याच्या जाहिरातीपेक्षा कंपनीचा इंजिनिअर कोणत्या शहरात बसतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लागणारा माल वर्षाच्या मागणीत बसवा. यात बचतीच्या चांगल्या, सुरक्षित वाटा आहेत आणि आपल्या सर्जननी त्या वर्षानुवर्षं वापरल्या आहेत. एकदाच वापरायच्या ट्रोकारऐवजी धातूचे. तयार फासाऐवजी साध्या धाग्याची सरकगाठ. कापलेला भाग बाहेर काढायच्या तयार पिशवीऐवजी निर्जंतुक, बिनपावडरीचा हातमोजा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणी असेल तर दाव्यांच्या रकमेतून रुग्णालयाच्या हातात थोडा पैसा राहतो, आणि रुग्ण कल्याण समितीचा निधीही आहे. एन्झाइमचं द्रावण आणि ब्रश यांसाठी तो आधी खर्च करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्यामुळे "क्लिप बाहेरून आणा" अशी चिठ्ठी रुग्णाच्या हातात जाता कामा नये.

गॅस, वीज आणि भूल

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइडच लागतो, तोही वैद्यकीय दर्जाचा. ऑक्सिजन किंवा साधी हवा कधीच नाही, कारण कॉटरीच्या ठिणगीला त्यातला ऑक्सिजन पुरतो. शिवाय रक्तात शिरलेली हवा कार्बन डायऑक्साइडसारखी चटकन विरघळत नाही. सिलिंडरबद्दल नवख्या पथकाला हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे वातानुकूलित थिएटरमध्ये हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. म्हणून द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि संपला की झपाट्याने खाली येतो. काट्यावर विसंबू नका. सिलिंडर वजन करून पाहा, रिकाम्याचं वजन त्यावर कोरलेलं असतं. तो उभाच ठेवा, आणि भरलेला दुसरा हाताशी असू द्या.

टॉवर, भूल यंत्र आणि मॉनिटर यूपीएसवर हवेत. जनरेटर सुरू व्हायला लागणारी काही सेकंदंही पोटात अंधार परवडत नाही. मे महिन्यातल्या दुपारी, एसीचा पूर्ण भार असताना, मेन स्विच मुद्दाम बंद करून हे एकदा तपासा.

पोटातला दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त नको. अनुभव आल्यावर ८ ते १० वरही बरंच काम होतं आणि रुग्णाला खांदेदुखी कमी होते. भूल देताना श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं मापन, म्हणजे कॅप्नोग्राफ, हवंच. ते नसेल तर शस्त्रक्रिया नाही. गॅस भरताना नाडी अचानक मंदावली तर भूलतज्ज्ञाने मोठ्याने सांगायचं, सर्जनने त्याच क्षणी गॅस सोडून द्यायचा, नाडी वाढवणारं अॅट्रोपिन तयार असायला हवं. कॅप्नोग्राफचा आकडा एकाएकी कोसळला आणि रक्तदाब पडला तर रक्तात वायू शिरल्याची शंका घ्या: गॅस बंद, पोट रिकामं, १०० टक्के ऑक्सिजन, रुग्ण डाव्या कुशीवर आणि डोकं खाली. याची रंगीत तालीम रुग्णाशिवाय करून ठेवा.

जिथे गॅस किंवा संपूर्ण भूल शक्य नाही तिथे पोटाची भिंत वर उचलून, पाठीतल्या इंजेक्शनच्या भुलीखाली, गॅसविना दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत ग्रामीण सर्जननी भारतात चालवून दाखवली आहे. ती वेगळी शिकावी लागते, पण दुर्गम भागासाठी तिचा विचार जरूर करा.

पहिले रुग्ण कोण

पहिले काही महिने फक्त सोप्या केस. निदानासाठी दुर्बीण हा उत्तम आरंभ आहे: पोटात पाणी, कारण अस्पष्ट, क्षयाची शंका. दुर्बिणीतून तुकडा घेतला की महिनोन्महिन्यांची अनिश्चितता संपते. मग लवकर आलेलं अपेंडिक्स. स्त्रीरोगतज्ज्ञ सोबत असतील तर अंडाशयाची साधी गाठ. त्यानंतर पित्ताशय, तेही अधूनमधून दुखणारं, कावीळ नाही, यकृताच्या तपासण्या नॉर्मल, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नाही, पिशवीची भिंत जाड नाही, पोटाच्या वरच्या भागात जुनं ऑपरेशन नाही, असं. जांघेतला हर्निया इतक्यात नको. तो उघडून, जाळी घालून, पाठीतल्या इंजेक्शनखाली उत्तम होतो.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत तरुण वयात पित्तखडे दिसले तर सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय तारीख देऊ नका. या आजारात लाल पेशी फुटत राहतात आणि त्यातून खडे बनतात. अशा रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजन कमी पडणं यांतली कोणतीही गोष्ट संकटात टाकते, आणि पोटातला वायू रक्त आम्लधर्मी करतो. सिकलसेलचा रुग्ण पहिल्या टप्प्यात मोठ्या केंद्राकडे, पूर्ण माहितीसह पाठवा.

सोपं झालं म्हणून जास्त करू नका. त्रास न देणारे खडे बहुधा तसेच राहू द्यायचे असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं किती सहज काढली गेली, हे २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. सरकारी रुग्णालयात दुर्बीण आली की दर केसला "का?" याचं उत्तर केसपेपरवर लिहिलेलं हवं.

संमती घेताना चित्र काढून, रुग्णाच्या बोलीत सांगा: पोटात वायू भरणार, चार छोटी छिद्रं पडणार, आणि आत सुरक्षित वाटलं नाही तर उघडून करणार. "उघडावं लागलं तर त्यात तुमचं भलं आहे" हे नातेवाइकांनीही आधीच ऐकलेलं असू द्या. आदल्या दिवशी बेंबी नीट स्वच्छ करून घ्या. वर्षानुवर्षांचा मळ तिथे घट्ट बसलेला असतो आणि आपलं पहिलं छिद्र तिथेच असतं.

टेबलावर

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा यादी मोठ्याने वाचा. पहिलं छिद्र डोळ्यांनी पाहत, थर उघडून करा. गॅस भरायची सुई आंधळेपणाने घालण्यापेक्षा सरकारी सेवेत हीच सवय लावावी असं माझं ठाम मत आहे. कॉटरीच्या उपकरणांचं आवरण दर वेळी तपासा, चिरलेल्या आवरणातून वीज आतड्यावर जाते आणि ते चौथ्या दिवशी कळतं. प्रकाशाची केबल कापडावर टाकू नका, कापड पेटतं.

पित्ताशयात एकच गोष्ट अढळ ठेवा. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांमधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाच्या पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पिशवीत शिरणाऱ्या फक्त दोनच नळ्या. हा निकष सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडला. तिथे थांबा, चित्र साठवा, सोबतच्याला विचारा. मुख्य पित्तनलिकेची इजा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात साधारण तीन ते पाच रुग्णांना होते. तशी इजा म्हणजे बाईचं आयुष्य बदलून टाकणारी गोष्ट. तीन गोष्टी दिसल्या नाहीत तर पिशवीचा काही भाग मागे ठेवून बाहेर या, किंवा पोट उघडा. उघडणं हा सर्जनचा निर्णय आहे, त्याची नोंद 'अपयश' या रकान्यात करू नका. काढलेली पिशवी दर वेळी पॅथॉलॉजीला पाठवा.

घरी गेल्यावर

लवकर घरी गेलेला रुग्ण लवकर नजरेआडही होतो. वाढत जाणारी पोटदुखी, ताप, उलट्या, पोट फुगणं, धाप, डोळे पिवळे होणं: यातलं काहीही झालं तर लगेच परत, १०८ बोलवा, हे मराठीत आणि गरज असेल तिथे गोंडी, कोरकू, भिलीत सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायला हवं. वाढत असेल तर घरी थांबायचं नाही. गावातल्या आशाताईंना तीच यादी द्या आणि तिसऱ्या, सातव्या, तिसाव्या दिवशी विचारपूस करायला सांगा. तिसावा दिवस मुद्दाम, कारण जखमेतले मायकोबॅक्टेरिया तेव्हाच डोकं वर काढतात.

नोंद आणि बदली

प्रत्येक केसचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर ठेवा, रुग्णाचं नाव न घालता. महिन्यातून एकदा मार्गदर्शकासह बसून अवघड केस पाहा. केस किती, उघडाव्या लागल्या किती, परत दाखल किती, जखमा चिघळल्या किती, यंत्र बंद किती दिवस: हे पाच आकडे जिल्हा शल्यचिकित्सकांना दर महिन्याला पाठवा. जखमा चिघळण्याचं प्रमाण वाढलं तर केस थांबवून साखळी पहिल्यापासून तपासा. थांबवण्याचा निर्णय अधीक्षकांनी घ्यावा, सर्जनवर सोडू नये.

आणि बदली. एक सर्जन तयार होतो, दोन वर्षं काम करतो, त्याची बदली होते आणि सेवा त्याच्यासोबत निघून जाते. म्हणून पहिल्या वर्षाच्या आत दुसरा सर्जन आणि दुसरी सिस्टर तयार करायला घ्या. चौघांपैकी कोणाचीही बदली प्रस्तावित झाली तर त्याच जागी प्रशिक्षित माणूस द्यावा, अशी नोंद आस्थापना शाखेकडे आधीच करून ठेवा. बदलून येणाऱ्याला किमान एक महिना जुन्यासोबत एकत्र काम करता यावं, अशी विनंती आदेश निघण्याआधी करा. साखळीची प्रत्येक पायरी मराठीत लिहून, फोटोसह, धुण्याच्या खोलीत लॅमिनेट करून लावा, म्हणजे रात्रपाळीला पहिल्यांदाच आलेल्या असिस्टंटलाही ती वाचून पाळता येईल.